वीरगळ, कमान आणि सूर्यघड्याळ : नाईक यशवंत घाडगे यांच्या निमित्ताने कोकणातील ग्रामीण युद्धस्मृतीचा एक अभ्यास

प्रस्तावना :

पनवेलहून सुरू होणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पेण, वडखळ, कोलाड असा दक्षिणेकडे जातो आणि माणगावच्या बाजारपेठेतून पुढे महाडकडे वळतो. माणगाव येथे तहसील कार्यालयाच्या आवारात एका सैनिकाचा पुतळा उभा आहे. दाखले, उतारे आणि शिधापत्रिका यांच्या कामासाठी येणारे लोक रोज त्याच्यासमोरून ये-जा करतात. हा पुतळा नाईक यशवंत घाडगे यांचा होय. दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये धारातीर्थी पडलेल्या आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणाऱ्या या सैनिकाचे गाव पळसगाव, तालुका माणगाव, तत्कालीन जिल्हा कुलाबा. १ जानेवारी १९८१ पासून या जिल्ह्यास रायगड असे नाव देण्यात आले.

युद्धस्मारकांचा इतिहास लिहिताना सामान्यतः राजधानीतील भव्य वास्तूंचा विचार होतो. खेड्यातून गेलेल्या शिपायाचे स्मरण त्याच्या खेड्याने कसे केले, हा प्रश्न बहुधा बाजूला राहतो. नाईक घाडगे यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष लक्षवेधी ठरतो. कारण या एकाच सैनिकाचे नाव आज माणगाव, कॅसिनो, लंडन आणि मोंतोने अशा चार ठिकाणी जपलेले आहे. आणि त्याच जिल्ह्यातून, त्याच पलटणींमधून गेलेल्या असंख्य शिपायांची नावे त्यांच्या स्वतःच्या गावातही कोठे कोरलेली नाहीत. प्रस्तुत लेखात या विषमतेची कारणे शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

वीरगळाची परंपरा :

ग्रामीण युद्धस्मारक ही कल्पना इंग्रजांनी महाराष्ट्रात आणली असे मानण्याचे कारण नाही. गावाच्या वेशीवर किंवा शिवमंदिराच्या आवारात उभे असलेले वीरगळ हे अशा स्मारकांचे आपल्याकडील सर्वांत जुने रूप होय. त्यांची रचना बहुतांशी ठरलेली असते. तळाच्या चौकटीत लढाई किंवा लढाईत पडलेला वीर, अनेकदा पळवून नेल्या जाणाऱ्या गाईंसह. त्यावरच्या चौकटीत वीरास स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर, आणि माथ्यावर कलश. कलशाच्या दोन्ही बाजूंस सूर्य व चंद्र कोरलेले असतात. सूर्यचंद्र आहेत तोवर ही कीर्ती टिको, असा त्यांचा अर्थ. कोकणाच्या दृष्टीने बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळ विशेष महत्त्वाचे आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांतून चाललेले समुद्रयुद्ध कोरलेले आहे. शिलाहार-यादव संघर्षाशी त्यांचा संबंध जोडला जातो.

महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. वीराचे नाव दगडावर नसे, कारण ते गावाला ठाऊक असे. पुढे पिढ्या सरल्या, नाव विसरले गेले आणि दगड तेवढा उरला. शेंदूर लागून त्याचा देव झाला किंवा तो बांधावर आडवा पडला. तोंडी स्मरणावर विसंबणाऱ्या समाजाची ही मर्यादा म्हणता येईल. तथापि वीरगळाने एक गोष्ट कधीही केली नाही. त्याने मेलेल्यांची बेरीज केली नाही. एक दगड एका वीराचा, क्वचित एकाच लढाईत पडलेल्या काहींचा, असा त्याचा हिशेब होता.

कोरेगावचा स्तंभ :

नाव कोरण्याची पद्धत कंपनी सरकारच्या काळात आली. १ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या कोरेगाव भीमा येथील लढाईचे स्मारक म्हणून उभारलेल्या स्तंभाचा पाया १८२१ मध्ये घालण्यात आला. त्यावर मृतांची ४९ नावे असून त्यांपैकी २२ नावांच्या अंती ‘नाक’ हा प्रत्यय आढळतो. हा प्रत्यय त्या काळी महार समाजातील पुरुषांच्या नावांना लागत असे. म्हणजे ज्यांची नावे कोणत्याही बखरीत किंवा दानपत्रात येण्याचा संभव नव्हता, अशा सामान्य शिपायांची नावे एका सरकारी स्मारकावर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच कोरली गेली. या नावांचे महत्त्व पुढे शंभर वर्षांनी स्पष्ट झाले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या स्तंभास भेट दिली, तेव्हा या नावांना नवा अर्थ प्राप्त झाला.

या प्रश्नाचा कुलाबा जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘लढाऊ जाती’च्या सिद्धांतानुसार महारांची लष्करभरती बंद करण्यात आली. तिच्याविरुद्ध १८९४ मध्ये अर्ज तयार करणारे गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळील रावढळचे, स्वतः लष्करातून निवृत्त झालेले. पूर्वजांनी सरकारची चाकरी कशी केली, याचा दाखला अशा अर्जांना द्यावा लागे. दगडावर नाव असणे ही भावनेची बाब असते तशी ती हक्काच्या मागणीतील पुराव्याचीही बाब असते, हे यावरून दिसून येते. पहिल्या महायुद्धाच्या निकडीत १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभारली गेली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यातही आली. गरज संपताच पलटण संपली. महार रेजिमेंट अस्तित्वात येण्यास १९४१ साल उजाडावे लागले.

पहिले महायुद्ध : ‘या गावातून इतके गेले’

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसे परदेशांतील आघाड्यांवर गेली व सुमारे ७४,००० मृत्युमुखी पडली. कोकणातील मराठ्यांची भरती रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतून प्रामुख्याने मराठा पलटणींत होत असे. यांपैकी १०३वी, ११०वी आणि ११७वी या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेल्या आणि कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत हा वेढा चालला. अन्न संपत आले तेव्हा घोडे मारून खाण्याची वेळ आली. शरणागतीनंतर वाळवंटातून चालत नेलेले अनेक कैदी वाटेत आणि छावण्यांत मेले. भाताच्या खाचरातून उठून गेलेला कोकणी शेतकरी तैग्रिसच्या काठी उपासमारीने मेला, ही घटना कुलाब्याच्या इतिहासग्रंथांत फारशी नोंदलेली दिसत नाही.

युद्धानंतर ज्या गावांतून भरती अधिक झाली होती, अशा काही गावांत सरकारने संगमरवरी फलक बसविले. मजकूर ठराविक होता : या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पंजाबपासून दक्षिण महाराष्ट्रापर्यंत एकाच साच्यातील हे फलक सापडतात. साताऱ्याजवळील अपशिंगे या गावाची परंपरा ४६ जवानांच्या बलिदानाची स्मृती सांगते आणि ‘अपशिंगे मिलिटरी’ हे गावाचे नावच त्या परंपरेतून रूढ झाले आहे. हे फलक इतिहासाच्या अभ्यासकास उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु त्यांवर नाव नाही. दोन रिकाम्या जागा सोडून मजकूर छापावा आणि प्रत्येक गावासाठी त्यांत आकडे भरावेत, असे त्यांचे स्वरूप आहे.

ही पद्धत केवळ गावापुरती मर्यादित नव्हती. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या साम्राज्य युद्धसमाधी आयोगाने, म्हणजे आजच्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने, दर्जा वा धर्म न पाहता सर्व मृतांचे समान स्मरण करण्याचे तत्त्व स्वीकारले होते. फ्रान्समधील नव्ह शापेल येथील १९२७ च्या भारतीय स्मारकावर ४,७०० हून अधिक नावे कोरण्यात आली. बेल्जियममधील ईप्र शहराच्या वेशीवर त्याच वर्षी खुल्या झालेल्या मेनिन गेटवरही भारतीय सैनिकांची नावे आहेत. मात्र मराठा पलटणी जेथे सर्वाधिक झिजल्या, त्या मेसोपोटेमियातील बसरा स्मारकावर तत्त्व बदलले. तेथे ब्रिटिशांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे आली. साध्या भारतीय शिपायांची पलटणवार संख्या देण्यात आली. युरोपच्या नजरेसमोर नाव आणि नजरेआड संख्या, असा हा भेद होता. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच अहवाल प्रसिद्ध करून हा भेद मान्य केला. पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांचे असमान रीतीने स्मरण झाले आणि किमान १,१६,००० जणांचे नावानिशी स्मरण झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असे त्या अहवालात म्हटले आहे. त्यांत आफ्रिकेतील व मध्यपूर्वेतील भारवाहकांची संख्या मोठी आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

याच कालखंडात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इंग्लंड येथील खेड्यांत निराळे चित्र दिसते. तेथील गावकऱ्यांनी वर्गणी काढून आपापल्या क्रीडांगणाच्या प्रवेशद्वाराला युद्धस्मारकाचे रूप दिले. दोन खांब, लोखंडी दारे आणि खांबांवर गावातील मृतांची नावे. स्तंभ उभारावा की उपयोगाची वस्तू बांधावी, असा वाद त्या समाजांत झाला होता. मैदानाचे द्वार हा त्यातील मध्यममार्ग ठरला. ज्या मैदानावर ती मुले खेळली, तेथेच त्यांची नावे राहिली. आपल्याकडील फलक आणि ही द्वारे यांत खर्चाचा किंवा कलाकुसरीचा फरक दुय्यम आहे. द्वारे गावाने उभारली आणि फलक सरकारने बसविले, हा खरा फरक आहे. ज्याने आईबापांचा निरोप घेऊन घर सोडले त्याचे नाव गावाला माहीत असते. सरकारदरबारी त्याचा क्रमांक असतो.

कुलाब्याने स्मारके का उभारली नाहीत?

मग कुलाब्यातील गावांनी स्वतः पुढाकार का घेतला नाही, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. दारिद्र्य हे त्याचे एक कारण आहे. खोती पद्धतीत दबलेल्या कुळाला घरातल्या मुलाची पेन्शन महत्त्वाची होती, त्याच्या नावाचा दगड परवडणारा नव्हता. तथापि अधिक महत्त्वाचे कारण राजकीय आहे. दिल्लीतील इंडिया गेटचा पाया १० फेब्रुवारी १९२१ रोजी घातला गेला आणि १२ फेब्रुवारी १९३१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. या दोन तारखांच्या दरम्यान असहकार आणि सविनय कायदेभंग ही दोन देशव्यापी आंदोलने होऊन गेली होती. उद्घाटनाच्या अवघे काही महिने आधी, २५ सप्टेंबर १९३० रोजी, आजच्या उरण तालुक्यातील चिरनेर येथे अक्कादेवीच्या माळरानावर जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. नाग्या कातकरी आणि त्याचे सहकारी तेथे हुतात्मे झाले. पनवेल-उरण परिसराने स्मरणासाठी निवडली ती ही माणसे.

यात अस्वाभाविक असे काही नाही. परकीय सरकारच्या बाजूने लढताना मेलेला भाऊ आणि त्याच सरकारच्या गोळीने मेलेला शेजारी, या दोघांपैकी कोणाचा स्तंभ उभारावयाचा हे त्या पिढीला ठरवावे लागले. १९८० च्या दशकाच्या आरंभी राज्य शासनाने ठिकठिकाणी हुतात्मा स्मारके बांधली, तेव्हाही हीच निवड कायम राहिली. क्रीडांगणांच्या बाबतीतही हेच घडले. महाराष्ट्रात मैदानांना हुतात्म्यांची नावे दिली जातात. नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचे ठळक उदाहरण. महायुद्धातील शिपायाचे नाव मात्र मैदानाच्या कमानीवर क्वचितच चढले. राष्ट्रीय स्मृतीत त्याच्यासाठी जागा नव्हती, आणि साम्राज्याच्या स्मृतीत तो एक आकडा होता.

नाईक यशवंत घाडगे :

या पार्श्वभूमीवर यशवंत घाडगे यांचे उदाहरण वेगळे ठरते. त्यांचा जन्म १९२१ चा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधून ते इटलीत गेले. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात त्यांची कंपनी शत्रूच्या बळकट ठाण्यावर चालून जात असताना त्यांची तुकडी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतील इतर सर्व जण ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा यांना निकामी केले, आणखी एकास गोळी घातली. मॅगझिन बदलण्यास वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याने ठार केले. त्यानंतर लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. त्या वेळी त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. याच रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच, सेनिओ नदीवर, हा सन्मान मिळविला. ते जिवंत परतले.

घाडगे यांची ज्ञात समाधी नाही. इटलीतील मोहिमेत मृत्यू पावलेल्या आणि ज्यांच्या समाधीचा पत्ता नाही अशा सैनिकांसाठी उभारलेल्या कॅसिनो स्मारकावर त्यांचे नाव आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत नाव कोरण्याचे तत्त्व पुष्कळ व्यापक झाले होते. त्यामुळे कॅसिनोच्या भिंतीवर त्यांच्या नावाबरोबर व्हिक्टोरिया क्रॉस न मिळालेले अनेक भारतीय शिपाईही आहेत.

लंडनमधील स्मृतिद्वारे हे त्यांचे आणखी एक स्मारक. कॉन्स्टिट्यूशन हिल या रस्त्यावर ६ नोव्हेंबर २००२ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते त्यांचे उद्घाटन झाले. भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियन बेटे येथून दोन्ही महायुद्धांत सहभागी झालेल्या सुमारे पन्नास लाख स्वयंसेवकांचे हे स्मारक. त्याला द्वार म्हटले असले तरी त्यास दारे नाहीत. चार दगडी खांब आहेत आणि शेजारी एक छत्री आहे. ही ‘छत्री’ आपल्याच स्थापत्यातून घेतलेली आहे, हे विशेष. तिच्या छताच्या आतील बाजूस व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस मिळविणाऱ्यांची ७४ नावे आहेत. घाडगे यांचे नाव त्यांत येते. पन्नास लाखांतील चौऱ्याहत्तर, हे प्रमाण ध्यानात घेतले की या स्मारकाचीही मर्यादा कळते. खेड्यातील मैदानाच्या दारावर नाव येण्यासाठी त्या गावचा असणे आणि मरणे पुरेसे होते. लंडनच्या द्वारावर त्यासाठी सर्वोच्च शौर्यपदक लागते.

माणगावच्या पुतळ्याकडे या संदर्भात पाहिले पाहिजे. स्वतंत्र भारतात, स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्म्यांच्या मालिकेत न बसणाऱ्या एका शिपायाला त्याच्या तालुक्याने तालुक्याच्याच ठिकाणी उभे केले. त्यांच्या स्मरणार्थ माणगावात उत्सवही साजरा होतो. पुतळा परकीय पदकाचा की आपल्या माणसाचा, असा वाद तालुक्याने घातला नाही. लोकांनी त्यांना ‘वीर’ हे विशेषण दिले. ते वीरगळाच्या परंपरेतील आहे, लष्करी परिभाषेतील नाही. मात्र पदक नसते तर पुतळा झाला असता काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थीच द्यावे लागेल. १० जुलैच्या त्याच हल्ल्यात घाडगे यांच्या तुकडीतील जे शिपाई मारले गेले, तेही कोणत्यातरी गावचे होते. त्यांच्या गावांना ते कोठे पडले याची कल्पना असेलच असे नाही.

नावांचा शोध :

ही नावे आता मिळविता येत नाहीत, असे मात्र नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची मृतांची सूची संगणकावर सर्वांना खुली आहे. तीत पुष्कळ नोंदींत वडिलांचे किंवा पत्नीचे नाव, गाव आणि ‘कुलाबा’ असा जिल्ह्याचा उल्लेख सापडतो. अडचण लिपीची आहे. पलटणीच्या कारकुनाने रोमन लिपीत लिहिलेले गावाचे नाव महसुली दप्तरातील नावाशी जुळत नाही. ‘मराठा’ हा शब्दच जेथे ‘महरट्टा’ असा लिहिला जाई, तेथे वाडीवस्त्यांच्या नावांचे काय झाले असेल याची कल्पना करता येते. लंडनच्या अभ्यासकाला हा गुंता सुटणार नाही. आगरवाडी हे गाव आहे की गावाची वाडी आहे, हे माणगावच्या विद्यार्थ्याला ताबडतोब कळते. कोकणातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना करता येण्याजोगे हे काम आहे आणि ते त्यांच्यावाचून होणारही नाही. कोकणी खलाशांची बाबही अशीच आहे. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांवरील दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक मुंबईत आहे. परंतु ज्या बंदरांतून आणि खाडीकाठच्या गावांतून असे खलाशी गेले, तेथे त्याची माहिती क्वचितच आढळते.

जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या लहानशा नगराने नाईक यशवंत घाडगे यांचे स्मारक उभारले. तेथील नगरपालिका आणि इटालियन लष्करी इतिहासाचे अभ्यासक यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. इटलीच्या मोहिमेत मृत्यू पावलेल्या भारतीय सैनिकांची संख्या ५,७८२ सांगितली जाते; त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीयांचे होते. मोंतोनेकरांनी पुतळा किंवा कमान न उभारता सूर्यघड्याळ बसविले. आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यासाठी निवडले गेले. कोकणातील वीरगळाच्या माथ्यावरही सूर्य असतो. पळसगावच्या शिपायाचे नाव आता टायबरच्या खोऱ्यातील त्या नगराला माहीत आहे.